घरातल्या रासायनिक अभिक्रिया ओळखायच्या कशा? पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

लग्नानंतर चौदा वर्षांनी मी परळच्या एका रात्रशाळेतून दहावी दिली. दिवसभर डबे करायचे आणि संध्याकाळी सहानंतर वर्गात बसायचं. इतिहास, मराठी कसंही निभावलं, पण विज्ञान भाग १ मधल्या ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ या धड्यापाशी मी अडकले. व्याख्या पाठ व्हायच्या. पण बाईंनी पुस्तकाबाहेरचं एखादं उदाहरण देऊन ‘प्रकार ओळखा’ म्हटलं की काही सुचायचं नाही.

मग एके दिवशी लक्षात आलं की पुस्तकातली निम्मी उदाहरणं मी रोज ओट्यापाशी करतेच आहे. त्यानंतर धडा सोपा झाला. आमच्या चाळीतल्या तिघी जणी आणि दोन मुलं आता त्याच धड्यापाशी आहेत. त्यांना मी जसं सांगते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

१. आधी सामान जमवा

बहुतेक सगळं घरात सापडेल:

- खाण्याचा सोडा, लिंबू, व्हिनेगर, हळद
- पानाच्या टपरीवरचा साधा पांढरा चुना, सुगंधी नको
- एक बटाटा
- मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची लहान बाटली
- लोखंडी खिळे आणि सँडपेपरचा तुकडा
- अॅल्युमिनियम फॉइल
- थोडंसं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट
- काचेचे किंवा प्लास्टिकचे जुने ग्लास, जे परत खाण्यापिण्यासाठी वापरायचे नाहीत
- दोनशे पानी वही

मोरचूद विषारी आहे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला रसायनांची दुकानं आहेत, तिथे ते मिळतं. पुडीवर लगेच नाव लिहा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. स्वयंपाकाचं एकही भांडं त्यासाठी वापरू नका.

२. एकच प्रश्न विचारायची सवय लावा

काहीही बदललं की स्वतःला विचारा, ‘आधी नव्हता असा पदार्थ आता तयार झाला का?’ झाला असेल तर ती रासायनिक अभिक्रिया. तोच पदार्थ नुसत्या वेगळ्या रूपात असेल तर तो भौतिक बदल.

बर्फाचा गोळा वितळला तरी पाणी पाण्याचं पाणीच राहतं. कापूर डबीत ठेवल्या ठेवल्या बारीक होत जातो, तेव्हा त्याची वाफ होते आणि ती वाफ कापूरच असते. हाच कापूर आरतीत पेटवला की त्याचा कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि काजळी होते. एकच वडी, पण डबीत भौतिक बदल आणि तबकात रासायनिक.

पूर्वपरीक्षेत मी याच प्रश्नावर गुण घालवले होते. भांडुप, वडाळ्याची मिठागरं लोकलमधून लहानपणापासून बघितलेली. मी लिहिलं, ‘समुद्राचं पाणी आणि ऊन यांचा संयोग होऊन मीठ तयार होतं.’ बाईंनी समासात एवढंच लिहिलं, ‘मीठ आधी कुठे होतं?’ मीठ पाण्यात होतंच की. पाणी उडून गेलं आणि ते मागे राहिलं. नवा पदार्थ काहीच झाला नाही.

आणखी एक गैरसमज आताच काढून टाका. ‘उलट करता येतो तो भौतिक, येत नाही तो रासायनिक’ असं पुष्कळ जण शिकवतात. फुटलेली काच परत जोडली जात नाही, तरी तो भौतिकच बदल. मोबाइलची बॅटरी वापरताना आत एक अभिक्रिया होते आणि चार्जिंगला लावली की तीच उलटी फिरते. म्हणजे उलटता येण्यावर काही ठरत नाही.

३. खुणा बघा, पण एका खुणेवर निकाल देऊ नका

अभिक्रिया झाली की सहसा यातलं काहीतरी दिसतं: रंग बदलतो, वायू सुटतो, द्रावणात साका बसतो (पुस्तकात याला ‘अवक्षेप’ म्हणतात), भांडं गरम किंवा गार लागतं, नाहीतर नवा वास येतो. या खुणा म्हणजे साक्षीदार. कोर्टात जसं, तसंच इथेही एका साक्षीदारावर भागत नाही.

रंगाची खूण मला सगळ्यात आवडते, कारण ती मी शाळेत नाही, मोरीत शिकले. मुलाच्या पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग होता. साबणाची वडी घासली आणि पिवळा डाग बघता बघता विटकरी लाल झाला. पहिल्यांदा वाटलं, कपड्याचा रंग सुटला. पाण्याने खळबळून धुतला, तर परत पिवळा. हळदीत कर्क्युमिन नावाचं द्रव्य असतं. ते आम्लात पिवळं राहतं आणि आम्लारीत (अल्कलीत) लालसर होतं. साबण आम्लारीधर्मी आहे, म्हणून तो रंग.

तुम्ही असं करा. चमचाभर हळद पाण्यात कालवून कागदाच्या पट्ट्यांना लावा आणि सावलीत वाळवा. एका पट्टीवर चुन्याचं पाणी टाका, ती लाल होईल. त्याच लाल जागेवर लिंबाचा थेंब सोडा, परत पिवळी होईल. हा तुमचा घरचा दर्शक, म्हणजे आम्ल की आम्लारी ते रंगाने सांगणारा. परवा एकीने विचारलं, ‘उलट फिरलं, मग भौतिक ना गं?’ नाही. दोन्ही वेळा कर्क्युमिनची रचना बदलली आहे, म्हणून हा रासायनिकच बदल. तोच शर्ट उन्हात वाळत घातला की उरलेला डाग फिका होत जातो. तिथे उजेडाने कर्क्युमिनचं विघटन होतं, आणि ते मात्र परत जुळत नाही.

वायूची खूण बघायला ग्लासात चमचाभर सोडा घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. फसफसून येईल. ग्लासाला बाहेरून हात लावा, गार लागेल. म्हणजे ही अभिक्रिया उष्णता आत ओढून घेते, उष्माग्राही आहे. पेटती काडी ग्लासात अलगद आत न्या, ती विझेल. हा वायू कार्बन डायऑक्साइडच आहे का, हे चुन्याची निवळी सांगते. टपरीचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरचं नितळ पाणी दुसऱ्या ग्लासात अलगद ओता. त्यात स्ट्रॉने फुंका. पाणी दुधाळ होईल, कारण आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शिअम कार्बोनेटचा बारीक साका तयार होतो. फुंकत राहिलात तर काही वेळाने ते परत नितळ होतं, तेव्हा घाबरू नका. जास्तीच्या वायूमुळे साक्याचं पाण्यात विरघळणारं कॅल्शिअम बायकार्बोनेट होतं. मात्र तोंडात ओढू नका. निवळीने तोंड आणि डोळे भाजतात.

४. फसवणाऱ्या जागा

बुडबुडे दिसले म्हणजे अभिक्रिया, असं नाही. उकळत्या पाण्यातले बुडबुडे वाफेचे असतात. थंड पेयाच्या बाटलीचं बूच काढल्यावर जो वायू सुटतो, तो कारखान्यात दाबाखाली भरलेलाच असतो.

उष्णतेनेही फसायला होतं. ग्लुकोजची पावडर जिभेवर गार लागते, ती फक्त विरघळताना उष्णता ओढते म्हणून. उलट कळीच्या चुन्यावर (भाजलेला, अजून पाणी न लागलेला चुना) पाणी टाकलं की ते उकळू लागतं, आणि ती खरीखुरी अभिक्रिया आहे.

रंगाचंही तेच. गोळेवाल्याने लाल सरबतावर पिवळं ओतलं की नारिंगी दिसतं. ते मिश्रण आहे, दोन्ही रंग आत जसेच्या तसे आहेत.

५. प्रकार ओळखताना कोण कोणाशी जोडलं गेलं ते बघा

नावं पाठ करायच्या आधी आपल्याकडे लग्नात विचारतात तसं विचारा, कोण कोणाकडे गेलं?

दोन किंवा जास्त पदार्थ मिळून एकच झाला, तर संयोग अभिक्रिया. कळीचा चुना + पाणी → विरी गेलेला चुना. भिंतीला दिलेला चुना दोन-तीन दिवसांनी चकाकतो, कारण तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शिअम कार्बोनेट होतो. (त्यात पाणीही सुटतं, म्हणून ही दुसरी अभिक्रिया ‘संयोग’ म्हणून लिहू नका. आमच्या वर्गात निम्म्यांनी तसं लिहिलं होतं.)

एकाचे अनेक झाले, तर अपघटन. बटाट्याच्या कापावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन-तीन थेंब टाका. पांढरा फेस येईल. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन झालं. बटाट्यातल्या विकराने (एन्झाइमने) फक्त वेग वाढवला. उजेडानेही हे हळूहळू होतं, म्हणूनच ती बाटली गडद रंगाची असते. केक फुगतो तेव्हाही अपघटन होतं, सोडा तापून त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आणि तुमच्या इमारतीत बोअरिंगचं पाणी असेल, तर गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थरही त्यातलाच. पाण्यातलं कॅल्शिअम बायकार्बोनेट तापून फुटतं आणि कार्बोनेट चिकटून बसतं. तानसा, भातसाच्या तलावांचं नळाचं पाणी मुळात मृदू, त्यात हा त्रास कमी.

एकाने दुसऱ्याला हुसकावून त्याची जागा घेतली, तर विस्थापन. मोरचुदाचं निळं द्रावण करा, सँडपेपरने घासलेला खिळा दोऱ्याला बांधून त्यात सोडा आणि अर्धा तास थांबा. खिळ्यावर तांबूस थर चढेल आणि निळा रंग हिरवटाकडे झुकेल. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, त्याने तांब्याला सल्फेटमधून बाहेर काढलं. इथे घाई करू नका. पाच मिनिटांत काही दिसत नाही म्हणून आमच्यातल्या एकीने द्रावण फेकूनच दिलं होतं. खिळ्यावर आधीचा गंज किंवा तेल असेल तरी थर नीट बसत नाही.

काळे पडलेले चांदीचे पैंजणही या प्रकाराने उजळतात. भांड्यात फॉइल अंथरा, गरम पाणी आणि चमचाभर सोडा घाला, आणि पैंजण फॉइलला टेकतील असे ठेवा. काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो. अॅल्युमिनियम त्यातलं गंधक स्वतःकडे घेतं आणि चांदी मोकळी होते. कुजक्या अंड्यासारखा हलका वास येतो, तोही एक साक्षीदारच. चिंचेने घासताना काळपट भागाबरोबर थोडी चांदीही जाते, इथे ती परत मिळते. खडे किंवा मोती जडवलेले दागिने मात्र यात घालू नका.

दोघांनी आपापल्या जोड्या बदलल्या, तर दुहेरी विस्थापन. बोअरिंगच्या पाण्यात साबणाला फेस न येता पांढरा चोथा होतो, तो हाच अवक्षेप. आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी होणं, म्हणजे उदासिनीकरण, तेही याच घराण्यातलं. ॲसिडिटीवर घेतो ती मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइडची पांढरी दवा पोटात तेच करते.

६. एका गणपतीत तीन प्रकार

लालबाग-परळमध्ये राहून हे उदाहरण चुकवणं बरोबर नाही, आणि मला वाटतं सगळा धडा यातून शिकवता येईल.

जिप्सम नावाचा खनिज दगड भट्टीत तापवतात. त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि प्लास्टर ऑफ पॅरिस उरतं. एकाचे दोन झाले, म्हणजे अपघटन. कारखान्यात या पावडरीत पाणी घालून साच्यात ओततात. मूर्तिकाराची परवानगी असेल तर थोड्या वेळाने साच्याला हात लावून बघा, तो कोमट लागतो. पावडर आणि पाणी मिळून परत जिप्सम होतं, म्हणजे संयोग, आणि उष्णता बाहेर पडते म्हणून उष्मादायी. नुसतं वाळणं नाही हे. शाडूची माती वाळते, म्हणून पाण्यात गेली की परत चिखल होते. प्लास्टरचं आता जिप्सम झालेलं असतं. ते पाण्यात फारच थोडं विरघळतं, म्हणून विसर्जनानंतर मूर्ती तशीच पडून राहते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनिअम बायकार्बोनेटचा उपाय पुढे आणला. बादलीभर पाण्यात ते घालून छोटी मूर्ती बुडवून ठेवली की कॅल्शिअम सल्फेट आणि अमोनिअम बायकार्बोनेट जोड्या बदलतात. तळाला कॅल्शिअम कार्बोनेटचा साका बसतो, पाण्यात अमोनिअम सल्फेट राहतं, आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. मूर्तीच्या आकाराप्रमाणे दोन दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. अमोनिअम सल्फेट हे खतच आहे. बादली गॅलरीत किंवा खिडकीशी ठेवा, अमोनियाचा वास उग्र असतो.

अपघटन, संयोग, दुहेरी विस्थापन, असे तीन प्रकार आणि पदार्थ जवळपास तोच. हे वहीत एका पानावर बाण काढून लिहा.

७. ऑक्सिजनची कामं वेगळी ओळखा

ऑक्सिडीकरण, म्हणजे साध्या भाषेत ऑक्सिजनशी जोडलं जाणं, हा वरच्या चारांच्या शेजारचा पाचवा खण नाही. तो आडवा धागा आहे. कोळसा जळतो, तेव्हा कार्बन आणि ऑक्सिजनचा संयोग होतो, तेच ऑक्सिडीकरण आहे आणि ते उष्मादायीही आहे. एका अभिक्रियेला तीन नावं लागू शकतात. हे कळेपर्यंत मी ‘यातलं नेमकं कोणतं?’ म्हणून रडकुंडीला यायचे.

गंज तर मुंबईत शिकवावा लागत नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या गॅलरीच्या छताचा ताटाएवढा पोपडा पडला. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. वर बघितलं तर सळई उघडी पडली होती, आणि तिचे खारी बिस्किटासारखे पदर सुटलेले. एक पदर बोटाने ओढला तर तो तुटून हातात आला. तपकिरी, ठिसूळ आणि लोखंडाच्या मानाने अगदी हलका. लोखंड + ऑक्सिजन + पाणी → गंज. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. म्हणून सळई आतल्या आत फुगते आणि सिमेंट फोडून बाहेर येते. नवं काँक्रीट आम्लारीधर्मी असतं, ते सळईला जपतं. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यातल्या चुन्याशी अभिक्रिया करत आत शिरतो आणि ते कवच कमी होतं. समुद्राच्या हवेतलं मीठ गंजाचा वेग वाढवतं. छतावर तपकिरी ओघळ आणि सळईच्या रेषेत चीर दिसली, ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर गिलावा मारून झाकू नका. आत अभिक्रिया चालूच राहते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

कापलेलं वांगं काळं पडणं, फरसाण खवट होणं, हीही हवेतल्या ऑक्सिजनचीच कामं. वांग्याच्या फोडी आपण पाण्यात टाकतो, आणि वेफर्सच्या पाकिटात नायट्रोजन भरतात, दोन्ही ऑक्सिजनला लांब ठेवायला.

गॅसची ज्योत रोज बघा. निळी असेल तर ज्वलन पूर्ण होतंय. पिवळी झाली, भांड्याचं बूड काळं पडायला लागलं, तर ऑक्सिजन कमी पडतोय. बर्नरची भोकं साफ करा. अपुऱ्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग ना वास, आणि तो जीव घेतो. गॅस गळल्यावर येतो तो वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो, कार्बन मोनॉक्साइडला तसा वास नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर म्हणूनच लावू नये.

८. हे घरी कधीच करू नका

संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आणू नका. एकामागोमाग एकही नको. गणपतीच्या आधी मी ॲसिड टाकून ठेवलं आणि ‘जास्त स्वच्छ होईल’ म्हणून वर पावडर भुरभुरली. क्षणात घसा चिरल्यासारखा झाला, डोळ्यांतून पाणी, श्वास आत जाईना. तो क्लोरीन वायू होता. मी कशीबशी गॅलरीत आले म्हणून वाचले. असं झालंच तर पाणी ओतायला किंवा पुसायला थांबू नका. दार उघडं टाकून मोकळ्या हवेत या, आणि खोकला थांबत नसेल तर थेट दवाखान्यात जा.

कळीच्या चुन्यावर पाणी टाकायचा प्रयोग वर्गात शिक्षकांसमोरच करा. चुना उडून डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. सोडा आणि व्हिनेगर घट्ट झाकणाच्या बाटलीत कोंडू नका, बाटली फुटते. आणि शहाबादी फरशी, कडप्पा किंवा संगमरवर ॲसिडने घासू नका. हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड, कॅल्शिअम कार्बोनेटचे. त्यावर फसफसतं तो मळ नसतो, तुमची फरशीच विरघळत असते. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडलं तरी पॉलिश उतरतं. माझ्या ओट्यावर तसा वाटीच्या बुडाएवढा गोल डाग आहे.

९. वही कशी भरायची

प्रत्येक प्रयोगाला अर्धं पान द्या आणि त्यात चारच ओळी लिहा: काय घेतलं, काय दिसलं, नवा पदार्थ कोणता, प्रकार कोणता. समीकरण आधी शब्दांत लिहा. सूत्रं आणि संतुलन (बाणाच्या दोन्ही बाजूंचे अणू सारखे करणं) नंतर. शब्दांचं समीकरण चुकलं असेल तर संतुलन करून उपयोग नाही. संतुलन करताना सूत्रातले खालचे अंक बदलू नका, फक्त सहगुणक, म्हणजे सूत्राच्या आधी लिहायचे अंक, बदला. खालचा अंक बदलला की पदार्थच बदलतो. पाण्याला आणखी एक ऑक्सिजन चिकटवला की ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं.

पेपरात ‘प्रकार ओळखा व कारण द्या’ आलं की प्रकाराचं नाव लिहून थांबू नका, कारणही लिहा. माझ्या वहीतलं एक पान नमुन्यादाखल देते:

काय घेतलं: घासलेला लोखंडी खिळा, मोरचुदाचं द्रावण.
काय दिसलं: अर्ध्या तासात खिळ्यावर तांबूस थर, द्रावण निळ्याचं फिकट हिरवं.
नवा पदार्थ: तांबं आणि फेरस सल्फेट.
प्रकार: विस्थापन, कारण जास्त क्रियाशील लोखंडाने कमी क्रियाशील तांब्याची जागा घेतली.